दर पावसाळ्यानंतर परत येणारी ठकठक: स्टॅबिलायझर लिंक बदलण्याआधी आणि बदलताना

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आवाज हाच आहे का ते लगेच कळेल.

गाडी वीस-तीसच्या वेगात आहे, रस्ता खडबडीत आहे पण मोठे खड्डे नाहीत, आणि पुढच्या एका चाकाच्या बाजूने कोरडी ठक-ठक येते. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तशी. वेग साठच्या वर गेला की ती टायरच्या आवाजात बुडते. आडव्या गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली तर काहीच नाही. पण गेटातून तिरकं वळून आत शिरताना, एक चाक फरशीवर आणि एक खाली असताना, हमखास. पाऊस चालू असताना आवाज दबलेला असतो. चार दिवस उघडीप मिळाली की परत सुरू.

घाटात वेगळी खूण मिळते. आंबा घाट चढताना उजव्या वळणातून लगेच डाव्या वळणात गाडी टाकली की मध्येच स्टिअरिंगखाली एक बारीक ‘टक्’ लागतं, आणि गाडी आधी किंचित कलून मग वळते. पहिला क्षण सैल, नंतर सगळं ठीक.

यातल्या तीन गोष्टी जुळल्या तर पहिला संशय स्टॅबिलायझर लिंकवर घ्यावा. गॅरेजात तिला लिंक रॉड म्हणतात.

माझी गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. रत्नागिरीत राहतो, महिन्यातून दोनदा कोल्हापूर, उरलेलं फिरणं किनाऱ्याने. आठ वर्षांत पुढच्या लिंका सहा वेळा बदलल्या, मित्रांच्या गाड्या धरल्या तर वीसेक जोड्या हातून गेल्या असतील. पहिल्या तीन वेळा मी कारणच चुकीचं पकडलं होतं. कंपनीची लिंक बारीक, म्हणून जाड आणा, असा साधा हिशेब. बारीक ती होतीच. पण तिसऱ्यांदा मी जी महागडी, चकचकीत, रेसिंगवाली जोडी बसवली, ती एक पावसाळासुद्धा टिकली नाही. कंपनीची निदान दीड वर्ष तरी चालायची. आमचे कुडाळचे मिस्त्री तेव्हा गाडीखालून म्हणाले होते, “गाडीक काय झाला नाय, रस्त्याक झालाहा.” मला तो विनोद वाटला. जुनी लिंक त्यांनी हातात दिली आणि मी तिचं फाटलेलं रबर मागे सारलं. आत ग्रीस नव्हतं, लाल उटणं होतं. जांभ्याची माती आणि खारं पाणी.

थोडं यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागणार नाही. स्टॅबिलायझर बार म्हणजे गाडीचं कलणं आवरणारी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंगच्या पोलादाची कांब. मधला भाग दोन डी-बुशमध्ये (डी आकाराची रबरं) सबफ्रेमवर, म्हणजे गाडीखालच्या चौकटीवर, धरलेला असतो आणि दोन्ही टोकं एकेका लिंकने शॉकअपला किंवा लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा हात) जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता बुशमध्ये फिरतो, पिळला जात नाही, म्हणून लिंकवर जोर येत नाही. एकच चाक वर गेलं किंवा वळणात गाडी कलली की बार पिळला जातो, आणि तो सगळा जोर त्या वीतभर लिंकच्या दोन टोकांच्या बॉल जॉइंटमधून, म्हणजे कपात फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्यातून, जातो. तिरक्या गतिरोधकावर आवाज येतो आणि सरळवर येत नाही, ते यामुळेच. जॉइंटमध्ये दीड-दोन मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आला की तेवढं अंतर भरेपर्यंत बार कामालाच लागत नाही. घाटातला तो सैल क्षण म्हणजे हेच अंतर.

आता तपासण्या. बिनखर्चाच्या आधी.

पहिली: डिकी रिकामी करा. हसू नका. गणपतीहून परत आल्यावर एका मित्राच्या गाडीखाली मी अर्धा तास घालवला होता. आवाज स्टेपनीच्या खाचेत घरंगळलेल्या एका नारळाचा होता. जॅक आणि पाना आपल्या जागी घट्ट बसलेत का, स्टेपनीचा मधला बोल्ट आवळलेला आहे का, इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याची क्लिप तुटून तो लोंबतोय का, तेही पाहा. हायवेचा काँक्रीटचा पट्टा सुरू झाल्यावर ठराविक अंतराने ठप-ठप येत असेल तर ते स्लॅबचे सांधे असतात, ते मोजू नका.

दुसरी: चाकांचे नट आणि हवा. नट सैल असेल तर तोही ठकठक करतो आणि तो लिंकपेक्षा फार धोक्याचा. हवा जास्त भरली असेल तर प्रत्येक बारीक खडा स्टिअरिंगपर्यंत येतो आणि चांगलं सस्पेन्शनही खराब वाटतं. टायर गार असताना दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी हवा ठेवा आणि एक फेरी मारा.

तिसरी: गतिरोधकाची चाचणी. एक रुंद, रिकामा गतिरोधक शोधा. काचा खाली, पंखा आणि गाणी बंद. चालण्याच्या वेगाने आधी सरळ जा, मग तिरकं जा. फक्त तिरक्यावर आवाज म्हणजे लिंक किंवा डी-बुश. दोन्हींवर आवाज म्हणजे शॉकअपचं वरचं माउंट, लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट; लिंक आणायला धावू नका. जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्र किंवा टण् होत असेल तर बहुधा वरच्या माउंटचं बेअरिंग. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट. ब्रेक दाबतानाच एकदा ‘ठक्’ झालं तर लोअर आर्मचा मागचा बुश किंवा सैल कॅलिपर. या पाच मिनिटांनी माझ्या ओळखीतल्या निदान चार जणांचे लिंकचे पैसे वाचवले.

चौथी: बघणं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाच्या आड टॉर्च मारा. लिंकची दोन्ही टोकं दिसतात. रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटलाय का, त्याच्या कडेने लालसर ओल बाहेर आली आहे का, बूट चपटा होऊन एका बाजूला दबलाय का? फाटका बूट दिसला की आज आवाज नसला तरी ती लिंक गेली म्हणून समजा, कारण आत गेलेली माती बाहेर येत नाही. खाली फक्त डोळे न्यायचे, अंग नाही. आणि हे कळकळीने सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, आणि जांभ्याचा चिरा टेकण म्हणून लावू नका. आपल्याकडे प्रत्येक अंगणात दोन चिरे पडलेले असतात आणि हात तिकडेच जातो. जांभा भिंतीत वजन घेतो, कारण तिथे ते सगळीकडे सारखं पसरतं. गाडीच्या एका टोकाखाली तो न सांगता फुटतो. पक्क्या घोड्या (जॅक स्टँड) वापरा, आणि ओल्या मातीवर असाल तर घोडीखाली जाड फळी.

पाचवी: हाताने तपासणं. हे पिटवर किंवा रॅम्पवर, गाडी चारही चाकांवर उभी असताना करायचं. एकच चाक जॅकने उचललं की बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि तिच्यातला प्ले लपतो. मी पहिल्या दोन वर्षांत ‘लिंक ठीक आहे’ असा निर्वाळा या एका चुकीमुळे किती वेळा दिला, मोजायची लाज वाटते. गाडी उभी करा, एकाला बाहेरून छताला धरून गाडी डावी-उजवी डोलवायला सांगा आणि तुमची दोन बोटं लिंकच्या बॉल जॉइंटवर ठेवा. प्ले असेल तर बोटांना टिचकी मारल्यासारखं जाणवतं, कानाला ऐकू येण्याआधीच. लिंक स्वतःभोवती थोडी फिरते हा दोष नाही, बॉलचं ते कामच आहे. पण चांगली लिंक फिरताना अडते. बोटाच्या एका धक्क्याने गरगर फिरली तर ती संपली. तिच्या लांबीच्या दिशेने हललीच तर पुढे काही विचारायला नको. इथेच नटही पाना लावून पाहा. एकदा तर नुसता नट सैल होता, दोन मिनिटांत काम झालं.

याच वेळी डी-बुश पाहा. बार आणि रबर यांच्यामध्ये फट दिसते का, बारवर त्या जागी चकाकणारा पट्टा पडलाय का? बुशचा आवाज लिंकपेक्षा जड असतो, ‘ठक’ ऐवजी ‘डब’. हा स्वस्त भाग आहे, पण लिंकसोबत बदलत नाहीत आणि मग नव्या लिंकला शिव्या घालतात.

सहावी तपासणी खात्रीची. दोन्ही लिंका बारकडून सोडा, लोंबणारी टोकं शॉकअपला घट्ट बांधा म्हणजे ब्रेकच्या होजला किंवा टायरला लागणार नाहीत, आणि घराजवळच्या गल्लीत वीसच्या वेगात एक फेरी मारा. आवाज गेला तर लिंक किंवा डी-बुश यांपैकीच काहीतरी, नाही गेला तर सस्पेन्शनचं दुसरं काहीतरी. अशी गाडी हायवेवर किंवा घाटात न्यायची नाही. पुढचा बार सुटला की गाडी जास्त कलते आणि वळणात मागची बाजू अंदाजाबाहेर निसटू शकते.

एवढ्यावर दोष लिंकचा ठरला, तर प्रश्न येतो कंपनीची तशीच आणायची की वरच्या दर्जाची.

तीच लिंक पुरते, जर गाडी मूळ उंचीवर असेल, बार कंपनीचाच असेल आणि लिंक दोन-अडीच वर्षं टिकली असेल. इथल्या हवेत ती वाईट कामगिरी नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेले महिने खारा वारा. मागच्या बाजूचाही विचार करत असाल तर आधी खाली वाकून पाहा. बऱ्याच हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच पिळती तुळई) असतो, तिथे लिंक नसतेच.

वरची लिंक तीन वेळा लागते. कंपनीची प्लास्टिकची असेल आणि तुम्ही घाटात गाडी खरोखर चालवत असाल तेव्हा. जाड बार टाकला असेल तेव्हा: बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २० मिलिमीटरचा भरीव बार काढून २२ चा टाकला तर ताठपणा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढा जादा जोर त्याच जुन्या बॉलवर येतो. तिसरं, गाडी खाली बसवली असेल तेव्हा. तीस मिलिमीटरने गाडी बसली की बारचे हात आणि लिंक यांच्यातला कोन बदलतो, बॉल आपल्या फिरण्याच्या टोकाला जातो आणि बूट एका बाजूला चिमटतो. चपटा झालेला बूट मी वर पाहायला सांगितला तो यासाठी. अशा गाडीत कितीही दणकट लिंक टाका, लांबी जुळली नाही तर तीही मरणार. इथे लांबी बदलता येणारी लिंक हवी. आखूड लागेल की लांब ते गाडीगणिक बदलतं. गाडी जमिनीवर असताना लिंक आणि बारचा हात यांच्यात साधारण काटकोन दिसला पाहिजे.

आणि आता माझं ठाम मत. रेसिंगच्या लिंकांना दोन्ही टोकांना उघडा रोझ जॉइंट (धातूच्या कड्यात फिरणारा गोळा) असतो, रबरी बूट नाही. कोरड्या ट्रॅकवर तो उत्तम. प्ले शून्य, स्टिअरिंगला लगेच उत्तर. कोकणात तो घेऊ नका. आतल्या पातळ अस्तरात लाल माती आणि मीठ शिरलं की पॉलिश पेपरचं काम होतं. जयगड-तवसाळ जेट्टीवर ओहोटीला गाडी फेरीत चढवताना पुढची चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, कर्दे-मुरूडला लोक गाड्या थेट वाळूत उतरवतात. तिथे उघडा जॉइंट म्हणजे तोंड उघडं ठेवून झोपणं.

घ्यायची ती पोलादी कांबेची, कंपनीच्या लिंकपेक्षा मोठ्या बॉलची, दोन्ही कडांना रिंगने आवळलेल्या बूटची आणि शक्यतो ग्रीस निपलवाली (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड असलेली). ॲल्युमिनियमची हलकी लिंक दिसायला छान, पण पोलादाच्या स्टडशी (जॉइंटमधून बाहेर आलेला आट्यांचा खिळा) लागून खाऱ्या ओलाव्यात ती खाल्ली जाते. वजनातला फरक आपल्या घाटात कुणाला कळणार? खरेदीआधी स्टडचं माप, लांबी आणि दोन्ही टोकांचा कोन जुन्या लिंकशेजारी ठेवून जुळवा. डाव्या-उजव्या लिंका वेगळ्या असतील तर तेही. नेहमी जोडीनेच बदला.

एक भ्रम मात्र काढून टाका. दणकट लिंकने गाडी कमी कलत नाही, ते काम बारचं आहे. लिंक फक्त तो बार उशीर न करता कामाला लावते.

बसवताना माझे तास कुठे गेले तेवढंच सांगतो. आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत. नटाच्या पुढे आलेले आटे तारेच्या ब्रशने आधी साफ करा, नाहीतर नट अर्ध्यावर येऊन त्या गंजातच जाम होतो. स्टडच्या मधल्या ॲलन कीच्या खाचेत माती घट्ट बसलेली असते. ती दाभणाने कोरून काढा आणि की हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत घाला. अर्धी घातलेली की खाच गोल करते. गोल झालीच तर नट आडवा कापा, जुनी लिंक तशीही भंगारात जाणार आहे. ग्राइंडर लावणार असाल तर ब्रेकची होज, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट ओल्या फडक्याने झाका. मला विचाराल तर तिथे करवतीचं पातं बरं.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं तर बार ताणलेला राहतो, स्टड भोकातून निघत नाही आणि नवा जात नाही. नवा नट एअर गनने आवळू देऊ नका. गनने बॉल आपल्या कपात गरगर फिरतो, बूट पिळला जाऊन पहिल्याच दिवशी त्याला चीर पडते. नव्या लिंका वारंवार का जातात याचं अर्धं उत्तर या गनमध्ये आहे. स्टड ॲलन कीने धरायचा, नट हाताच्या पान्याने आवळायचा आणि शेवट टॉर्क रेंचने (नेमक्या जोरावर आवळणारा पाना), आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. नायलॉन रिंगचे नट परत वापरायचे नाहीत.

लांबी बदलणारी लिंक असेल तर गाडी सपाट जागी, चाकांवर, आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाचा कुणीतरी बसवून. एक बाजू जोडा. दुसऱ्या बाजूची लांबी अशी करा की स्टड बोटाने ढकलला की भोकात सहज सरकेल. ओढूनताणून घातला तर बार कायमचा पिळलेला राहतो, गाडी एका बाजूच्या वळणात एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळीच वागते. आटे किमान व्यासाच्या दीडपट आत हवेत. मग लॉकनट आवळा, म्हणजे लांबी हलणार नाही.

ग्रीस निपल असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस गन मारा. बूट किंचित फुगला की थांबा, जास्त भरलं तर तोच फुटतो. बोटीच्या कामाचं, पाण्यात न वाहून जाणारं कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस मिळालं तर तेच. वाळूत किंवा फेरीत गाडी गेली तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा.

आता थांबायचं कुठे. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले दिसला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. तो सुटला की चाक आडवं होतं. बारच्या टोकाचं भोक अंडाकृती झालंय, बारवर बारीक तडा आहे, किंवा शॉकअपवरची लिंकची पट्टी फाटली आहे, तर नवी लिंक लावून झाकू नका. त्या पट्टीला वेल्डिंग करून देणारे भेटतील. करू देऊ नका, उष्णतेने शॉकअपच्या आतलं तेल आणि सील जातं. डी-बुशचा बोल्ट सबफ्रेममध्ये तुटला किंवा तो काढायला सबफ्रेम खाली घ्यावी लागणार असेल, तर ते लिफ्ट असलेल्या गॅरेजचं काम. चाक वर-खाली किंवा डावं-उजवं धरून हलवताना प्ले लागला, टायर एकाच कडेने झिजला, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय, तर जाणकाराकडून सस्पेन्शन आणि अलाइनमेंट तपासून घ्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर पाना उचलण्याआधी तिकडे दाखवा.

सगळं झाल्यावर प्रत्येक नटावरून खाली लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर आणि मग दर वेळी गाडी धुताना टॉर्च मारून पाहायचं. रेघ सरळ असेल तर ठीक. तुटलेली दिसली, तर त्या दिवशी घाट नाही.